सातबारा नावावर आला, आता पीएम किसान, नमो आणि बाकीचं अनुदान खात्यात कसं आणायचं

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात गेल्या काही वर्षांत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा बघतोय. घरातला कर्ता माणूस जातो, तेरावं होतं, आणि महिना-दोन महिन्यांनी त्यांचा पोरगा नाहीतर घरातली बाई कागदांची पिशवी घेऊन दारात येते. "दादा, ह्यांचे दोन हजार यायचे ते बंद झाले, आता आमच्या नावावर कसे चालू करायचे?" मी काही सरकारी माणूस नाही, आमच्या भावकीत आणि गल्लीत लोकांचे फॉर्म भरून देता देता जे शिकलो ते लिहितोय, म्हणजे पहिल्यांदाच खातेदार झालेल्या माणसाला एका कागदासाठी चार-चार चकरा माराव्या लागू नयेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नव्वद टक्के भानगड तिथेच असते. सातबाऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव ही तिन्ही एकच पाहिजेत आणि एकमेकांना जोडलेली पाहिजेत. पैसा शेत बघून येत नाही, आधार नंबर बघून येतो. त्यामुळे लोक थेट सीएससीवर (गावातलं ऑनलाइन सेवा केंद्र) जाऊन पीएम किसानचा फॉर्म भरतात ते उलटं आहे, फॉर्म मधे येतो, त्याच्या आधी खालची कामं.

आधी वारस नोंद

वडील गेले म्हणून जमीन आपोआप तुमच्या नावावर होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड आणि सातबारा-आठ अ (खातेदाराच्या सगळ्या गटांचा उतारा) घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच), किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करायचा. कायद्यात जमिनीचा हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवा असं आहे, तरी आमच्याकडे दोन-दोन वर्षं कोणी जात नाही आणि मग पेरणीच्या तोंडावर पळापळ. अर्ज गेला की वारस रजिस्टरला नोंद होते, फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी तो मंजूर करतात आणि मग तुमचं नाव सातबाऱ्यावर चढतं.

इथे दोन गोष्टींकडे नीट बघा. एक, बहिणींची नावं. त्यांचा हक्क आहे, नावं लपवून नोंद केली तर पुढे ती नोंद वादात जाते आणि वादातल्या नोंदीवर सगळं अडकतं. दोन, नावाचं स्पेलिंग आणि क्रम. फेरफार मंजूर व्हायच्या आधीच आधारकार्ड समोर ठेवून बघा की नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं तसंच लिहिलंय का. माझ्या चुलतीचं आधारवर माहेरचं नाव होतं आणि सातबाऱ्यावर सासरचं, एवढ्या एका गोष्टीत सात महिने गेले. सातबाऱ्यावर लिहिताना चूक झाली असेल तर तहसीलदारांकडे कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आधारवर चूक असेल तर आधार केंद्रावर. कुठलं बदलणं सोपं पडेल ते बघून ठरवा, आणि बऱ्याच वेळा आधार बदलणं सोपं पडतं.

आणि मयत माणसाच्या खात्यात पीएम किसानचे हप्ते येत राहिले तर ते एटीएममधून काढत बसू नका. मोह होतो मला माहितीय, दुःखाचे दिवस असतात, खर्च असतो, पण नंतर वसुलीची नोटीस येते आणि ती घरातल्या बाईच्या हातात पडते. तालुका कृषी कार्यालयात मृत्यूचा दाखला देऊन ते बंद करा आणि वारसाने नवीन नोंदणी करायची, ट्रान्सफर असा काही प्रकार नाही.

आधारला मोबाइल

हे छोटं काम आहे पण याच्यावाचून पुढचं एकही होत नाही. आधारला चालू मोबाइल नंबर पाहिजे, कारण ओटीपी तिथे येतो. आधार केंद्रावर नाहीतर पोस्टात जाऊन होतं, ७५ रुपये फी आहे, पावती घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या आधारला नातवाचा नंबर लावतात आणि नातू सिम बदलतो, मग बसा. नंबर असा द्या जो घरात राहणार आहे.

बँक, इथे जरा थांबून वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात किंवा हरवल्यासारखे होतात. लोक म्हणतात "माझं आधार बँकेला लिंक आहे, साहेबांनी झेरॉक्स घेतली". झेरॉक्स घेणं वेगळं, केवायसी (ओळख पटवणं) वेगळी आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यावा म्हणून, आधार सीडिंग (खात्याला आधार जोडणं) वेगळं. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था, तिच्याकडे एक नोंदवही असल्यासारखं समजा, त्यात तुमच्या आधार नंबरासमोर फक्त एका बँकेचं नाव असतं, आणि जी बँक सगळ्यात शेवटी जोडली ती तिथे राहते. सरकार पैसे सोडतं ते आधार नंबरावर, मग ते त्या बँकेत जाऊन पडतात. फॉर्ममध्ये तुम्ही कुठला खाते नंबर लिहिला होता त्याला मग अर्थ उरत नाही.

माझ्या आत्याचं असंच झालं. तीन हप्ते स्टेटसला जमा दाखवत होते आणि पासबुक कोरं. चार वेळा बँकेत गेली, ते म्हणाले आमच्याकडे काही आलं नाही, तालुक्याला गेली तर ते म्हणाले पैसे गेलेत. ती बिचारी म्हणायला लागली की कोणीतरी खाल्ले माझे पैसे. शेवटी आम्ही आधारच्या माय आधार या सरकारी साइटवर तिचा आधार नंबर आणि ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव. कधीतरी गावात कॅम्प लागला होता, अंगठा घेऊन झिरो बॅलन्सचं खातं उघडून दिलं होतं आणि तिला ते आठवतही नव्हतं. पैसे सगळे तिथे सुखरूप पडून होते, सहा हजार. त्या दिवशी तिचा चेहरा बघायला पाहिजे होता.

तर काय करायचं, पहिले ते स्टेटस स्वतः बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. त्यात तुमच्या मनातली बँक आणि ॲक्टिव्ह असं दिसलं तर ठीक. दुसरी बँक दिसली तर आधी तिथलं खातं तपासा, पैसे तिथे असतील. आणि इनॲक्टिव्ह दिसलं किंवा काहीच दिसलं नाही तर बँकेत जाऊन तोंडी "आधार लिंक करा" असं म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआय आधार सीडिंगचा फॉर्म द्या" असं स्पष्ट म्हणा, भरून सही करून द्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून घ्या. आठवड्याभराने परत स्टेटस बघा. खातं खूप दिवस वापरलं नसेल तर ते बंद पडलेलं असतं, तेही चालू करून घ्या, शंभर रुपये भरून काढून एक व्यवहार करा.

फार्मर आयडी

ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदीचा, शेतकरी ओळख क्रमांक, अकरा अंकी. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा सक्तीचा आहे, त्यामुळे तो काढायचाच. सीएससीवर होतो, स्वतः पण करता येतो. आधार, आधारला लागलेला मोबाइल आणि गट नंबर एवढं जवळ ठेवा. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की खातेदारांची यादी येते, त्यातून स्वतःचं नाव निवडायचं, आणि तिथे आधारच्या नावाशी किती जुळतंय ते तपासलं जातं, म्हणून मघाशी स्पेलिंगचं एवढं सांगितलं.

चूक कुठे होते, तर एकच गट टाकून लोक मोकळे होतात. तुमची जमीन दोन गटांत असेल, दुसऱ्या गावात असेल, तर ते सगळे गट त्याच अर्जात टाका, आठ अ समोर धरून एकेक मोजा. जो गट राहिला त्या गटाची मदत पुढे राहते. सामायिक खातं असेल तर भावाभावांनी आपापला वेगळा आयडी काढायचा, एकाचा काढला म्हणजे सगळ्यांचा झाला असं नाही. शेवटी ई-साइन होते, एनरोलमेंट नंबर मिळतो तो फोटो काढून ठेवा, मंजुरी आली की आयडी दिसतो.

आता पीएम किसान आणि नमो

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर आणि डिसेंबर-मार्च. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली, आधी दोन हेक्टरपर्यंतवाल्यांनाच होती, मग त्याच वर्षी ती अट काढली. त्याच्यावर राज्याचे नमो शेतकरी महासन्मान निधीचे अजून ६,०००, त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सोडला होता. नमोसाठी वेगळा फॉर्म नाही. पीएम किसान चालू असेल तर नमो येतो, पीएम किसान अडकला की नमोही अडकतो, म्हणजे एका चुकीत वर्षाचे १२,००० जातात.

कोणाला मिळत नाही हे आधी प्रामाणिकपणे बघा, कारण खोटं भरून घेतलेले पैसे परत मागतात. घरात इन्कम टॅक्स भरणारा असेल तर नाही, आणि इथे घर म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. तुमचा मोठा भाऊ टॅक्स भरतो म्हणून तुम्ही बाद होत नाही, पण तुम्ही स्वतः किंवा बायको भरत असाल तर होता. पुण्याला आयटीत असलेली पोरं इथेच बाद होतात, त्यांनी आईच्या नावावर जमीन असेल तर आईचा फॉर्म भरावा. सरकारी नोकरदार नाही, चतुर्थ श्रेणीवाले चालतात. दहा हजार किंवा जास्त पेन्शनवाले नाहीत. प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, वकील, सीए, इंजिनियर नाहीत. आमदार, खासदार, जिल्हा परिषद अध्यक्ष, आजी-माजी दोन्ही नाहीत. आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी एकालाच मिळतं, दोघांनी घेतलेलं आता सिस्टिम शोधून काढते आणि दोघांचंही थांबवते.

अजून एक अट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर असायला पाहिजे. नंतर विकत घेतलेल्या, बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीवर अर्ज अडकतो. फक्त वारसाने, म्हणजे मृत्यूनंतर आलेली असेल तर तारीख नंतरची चालते, म्हणूनच वारसाचा फेरफार अर्जासोबत जोडायचा. वडील जिवंत असताना वाटणी करून नावावर केली असेल तर तो वारसा धरत नाहीत, हे ऐकून बरेच जण नाराज होतात पण नियम तसा आहे.

फॉर्म पीएम किसानच्या साइटवर नवीन शेतकरी नोंदणीत भरायचा. आधार, फार्मर आयडी, सातबारा, आठ अ, फेरफार, नवरा-बायको आणि मुलांचे आधार, रेशनकार्ड. कागद स्कॅन करताना फाइल लहान करायच्या नादात अक्षरं पुसट होतात आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो, म्हणून अपलोड करायच्या आधी मोठं करून स्वतः वाचून बघा. अर्ज मग तालुका, जिल्हा, राज्य असा वर सरकतो, याला वेळ लागतो, काही महिने धरून चाला.

मंजूर झाल्यावर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. ओटीपीने होते, सीएससीवर अंगठ्याने होते आणि ॲपवर चेहरा दाखवूनही होते. शेतात राबून राबून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत त्यांच्यासाठी ही चेहऱ्याची सोय फार चांगली आहे, माझ्या आजीचं चार ठिकाणी अंगठा न लागून शेवटी घरच्या ओट्यावर बसून चेहऱ्याने झालं.

स्टेटस बघताना बाकीचं सोडा, तीन ओळी बघा. ई-केवायसी, लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली का) आणि आधार बँक सीडिंग. तिन्हीसमोर येस पाहिजे. ई-केवायसी नो असेल तर ते स्वतःच करून टाका. बँक सीडिंग नो असेल तर वर सांगितलेलं बँकेचं काम. लँड सीडिंग नो असेल तर सातबारा-आठ अ घेऊन तालुक्याला जावं लागतं, हे सीएससीवाल्याच्या हातात नसतं, त्यामुळे तो पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर देऊ नका. एफटीओ जनरेटेड (पैसे सोडायचा आदेश निघाला) असं दिसलं तर पैसे निघायच्या वाटेवर आहेत, थोडे दिवस थांबा.

ई-पीक पाहणी, दर हंगामाला

नवीन माणूस हे हमखास विसरतो कारण याचे पैसे लगेच दिसत नाहीत. मोबाइलवरून शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून स्वतः नोंद करायची, खरीप वेगळी, रब्बी वेगळी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर चालू आहे. वाटतं कशाला करायचं, पण २०२३ च्या खरिपाच्या सोयाबीन-कापसाला सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत दिले ते ई-पीक पाहणीच्या नोंदीवर दिले. आमच्या शेजारच्या काकांचं दोन हेक्टर रान सोयाबीनने भरलेलं होतं, सगळ्या गावाने बघितलेलं, पण त्यांनी पाहणी केली नव्हती आणि सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा. दहा हजार गेले. नंतर यादीत नाव घालण्यासाठी ते किती फिरले ते मी बघितलंय, म्हणून जीव तोडून सांगतो, रेंज नसेल तरी फोटो काढून ठेवा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा, पण मुदत चुकवू नका. कोणाला मोबाइल जमत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोराला हाताशी धरा.

अतिवृष्टीची मदत याला जोडूनच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, रानं खरडून गेली, बांध राहिले नाहीत. त्यानंतर ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अशा मदतीत पंचनामा होतो, तलाठी यादी करतात, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक येतो ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात, तो घेऊन केंद्रावर ई-केवायसी केली की पैसे खात्यात. ज्यांचा फार्मर आयडी तयार होता त्यांना त्या वेळी ई-केवायसीतून सूट दिली होती, त्यांच्या चकरा वाचल्या. यादी लागली की स्वतः जाऊन वाचा, क्षेत्र बरोबर आहे का आणि खातं कोणाचं लागलंय ते बघा.

महाडीबीटी, ठिबक आणि अवजारं

महाडीबीटी म्हणजे राज्याची अनुदानाचे अर्ज भरायची साइट, इथली रक्कम मोठी आणि चूकही मोठी. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकाला (दोन हेक्टरपर्यंतवाल्याला) केंद्राचं ५५ टक्के आणि त्यावर राज्याचं २५ टक्के असं ८० टक्के, बाकीच्यांना ४५ आणि ३० मिळून ७५ टक्के. ट्रॅक्टरला जास्तीत जास्त १.२५ लाख. वैयक्तिक शेततळ्याला आकारानुसार ७५,००० पर्यंत. फार्मर आयडीने लॉगिन करायचं, घटक निवडायचा, २३ रुपये ६० पैसे फी भरायची. आधी लॉटरी निघायची, आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य आहे, त्यामुळे घ्यायचंच असेल तर अर्ज आजच टाका.

आणि आता नीट ऐका. निवड झाली असा मेसेज आला म्हणजे खरेदी करायची नाही. निवड, मग कागद अपलोड, मग कोटेशन, मग पूर्वसंमती पत्र, आणि ते पत्र हातात आल्यावरच खरेदी. माझ्या मावसभावाला एका दुकानदाराने सांगितलं की "निवड झालीय ना, घेऊन टाका, संमती येतेच, नंतर भाव वाढतील", आणि त्याने ऊस लागणीच्या घाईत ठिबक बसवून घेतलं. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची, अर्ज रद्द. हातउसने घेतलेले पैसे तो दोन वर्षं फेडत होता. पैसेही रोख देऊ नका, स्वतःच्या खात्यातून दुकानदाराच्या खात्यात आरटीजीएस किंवा चेकने द्या, बिल जीएसटीचं घ्या. मग बिल अपलोड, मग कृषी सहायक रानात येऊन मोका तपासणी (जागेवर बघणं) करतात, फोटो घेतात, आणि नंतर अनुदान खात्यात. हे नंतर म्हणजे कधीकधी बरंच नंतर असतं, वर्षभर लांबलेलं मी बघितलंय, म्हणून सगळी रक्कम व्याजाने उचलून त्यात उतरू नका, हिशोब असा मांडा की अनुदान उशिरा आलं तरी घर चालेल.

पैसे कोणाला द्यायचे नाहीत

सीएससीची ठरलेली फी द्या, पावती घ्या. "वर ओळख आहे, हजार द्या, हप्ता चालू करून देतो" म्हणणाऱ्याला अजिबात नको, कारण तो जे करणार ते मी वर सांगितलेलंच आहे, तुम्ही स्वतः करू शकता. व्हॉट्सॲपवर पीएम किसान नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) येते, ती उघडू नका, त्याने मोबाइलमधून बँकेचे ओटीपी चोरतात आणि खातं रिकामं होतं. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, अगदी कृषी कार्यालयातून बोलतोय म्हणाला तरी. पीएम किसानच्या तक्रारीसाठी १५५२६१, आणि शेतीच्या कुठल्याही माहितीसाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, तिथे मराठीत बोलतात.

तालुक्याला जाल तेव्हा तोंडी विचारून परत येऊ नका. साध्या कागदावर नाव, गाव, गट नंबर, फार्मर आयडी आणि अडचण दोन ओळींत लिहून दोन प्रती न्या, एक आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्यावर तारखेचा शिक्का घेऊन या. चार महिन्यांनी परत गेलात आणि तिथले साहेब बदललेले असले तरी तुमच्या हातात तो शिक्का असतो. आत्याचे सगळे कागद मी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावून दिलेत, सगळ्यात वर ही पोच, तिच्या खाली सातबारा, आठ अ, फेरफार, आधार, पासबुकाचं पहिलं पान. आता ती एकटी जाते आणि मला फक्त काम झाल्यावर फोन करते.